न दचकणारी माणसं

सर्जेराव सुतारांच्या मनगटावरचा पट्टा सलग दोन वर्षं हिरवा होता, आणि या गोष्टीचा त्यांना आपल्या लग्नापेक्षाही जास्त अभिमान आहे, असं त्यांची बायको उज्ज्वला चारचौघांत सांगायची. सर्जेराव ते नाकारायचे नाहीत. कारखान्याच्या फाटकावर त्यांचा माणसाएवढा फोटो लागला होता. फोटोत त्यांनी मनगट छातीशी धरलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘आमचा सर्वांत सुरक्षित माणूस’. शाळेच्या हजेरीपटाखेरीज ज्याचं नाव कुठं लागलं नाही, त्याला असा फोटो म्हणजे काय वाटत असेल, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

कारखाना कोल्हापूरच्या पूर्वेला, औद्योगिक वसाहतीत. नाव ‘पाटणकर स्टॅम्पिंग’. विजेवरच्या गाड्यांचे पत्र्याचे भाग तिथं प्रेसवर दाबून काढत. खाली पोलादी साचा असतो, त्याला डाय म्हणतात. त्यावर पत्रा ठेवायचा, हात मागे घ्यायचा, पायाखालची कळ दाबायची, की वरचा ठोकळा शेकडो टनांच्या जोराने खाली येतो. हात मागे घ्यायचा राहिला, तर पत्रा कुठला आणि हात कुठला याची चौकशी प्रेस करत नाही. म्हणून प्रत्येक प्रेससमोर न दिसणाऱ्या किरणांची जाळी लावलेली असते. कामगार तिला नुसता ‘पडदा’ म्हणतात. हात पडद्याच्या आत शिरला की प्रेस जागच्या जागी थांबते.

नवरात्राच्या थोडं आधी सर्जेरावांची लेक ईश्वरी सांगलीहून घरी आली, तेव्हा जेवता जेवता त्यांनी बातमी दिली. दसऱ्याला नवी प्रेस सुरू होणार होती, जुनीच्या दुप्पट वेगाची. तिच्यावर बसायचा पहिला मान त्यांचा.

“आणि तिला पडदा न्हाई,” ते कौतुकानं म्हणाले. “पडद्यानं सारखी थांबती, येळ जातोय. हिरव्या माणसाला पडदा कशाला पायजे? सायबच म्हणाले तसं.”

ईश्वरीचा घास हातातच राहिला. हिरव्या माणसाला पडद्याची गरज नाही, हा निष्कर्ष ज्या अभ्यासातून निघाला होता, तो अभ्यास तिचाच होता.

ईश्वरी सांगलीच्या सुरक्षाविज्ञान प्रबोधिनीत पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होती. विषय, अपघात-प्रतिबंध आणि त्याच्या संशोधनाच्या पद्धती. नातेवाइकांना हे समजावताना तिच्या तोंडाला फेस यायचा. तिच्या मामाचं ठाम मत होतं, की अपघात टाळायला खाली बघून चालायचं असतं, त्यात दोन वर्षं शिकण्यासारखं काही नाही.

शिकण्यासारखं होतं. अपघाताचा अभ्यास करणाऱ्यांची जुनी अडचण अशी, की अपघात क्वचित होतात. अनुमान काढण्याइतके अपघात जमेपर्यंत थांबायचं, म्हणजे माणसं तुटायची वाट बघत बसायचं. त्यापेक्षा हुकलेले अपघात मोजावेत, हात थोडक्यात वाचला असे प्रसंग. पण ते सांगणार कोण? सांगितलं की वरिष्ठ ओरडणार, सोबती हसणार.

ईश्वरीचे मार्गदर्शक डॉ. अजेय नाडकर्णी यांनी यावर तोड काढली होती. माणूस दचकतो, तेव्हा तो विचार करून दचकत नाही. मेंदूच्या देठातून सरळ स्नायूंना हुकूम सुटतो, दंडापासून मनगटापर्यंतचे स्नायू आखडतात, आणि काय झालं हे त्या माणसाला नंतर कळतं. नाडकर्णींचा ‘चाहूल’ नावाचा पट्टा हा झटका पकडायचा. डायजवळ हात असताना झटका आला, की एक अपघात हुकला असं धरायचं. कमी दचकणाऱ्याचा पट्टा हिरवा, जास्त दचकणाऱ्याचा लाल. तोंडानं लपवलं तरी स्नायू लपवत नाहीत.

शोध खरोखर मोठा होता, आणि सगळ्या मोठ्या शोधांसारखा तो लवकरच शहाण्यांच्या हातून सुटला. पाटणकरांच्या कारखान्यातले पट्टे हळूहळू लालाचे हिरवे होत गेले. नाडकर्णींनी अर्थ लावला, माणसं सावध काम करायला शिकली. धाकटे मालक यशोधन पाटणकर यांनी पुढचा अर्थ लावला, शिकलेल्या माणसापुढचा पडदा काढा. प्रबोधिनीच्या पहिल्या अहवालावर एका प्रेसपुरती तशी सरकारी परवानगीही मिळाली. नियम एवढाच, की त्या प्रेसवर हिरव्या पट्ट्याचाच माणूस बसेल. अहवालावर दोन सह्या होत्या, नाडकर्णींची आणि ईश्वरीची. ती कुठली तरी एक प्रेस असेल, असं तिनं सही करताना धरलं होतं. तिच्यापुढं आपले आप्पा बसतील, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

एक खडा तिला आधीपासून बोचत होता. दिगंबर नावाचा कामगार लग्नासाठी लांबलचक रजेवर गेला आणि परत आला तो लालभडक पट्टा घेऊन. बायकोनं पहिल्याच महिन्यात घाबरवून सोडलंय म्हणून सोबत्यांनी त्याला भंडावून सोडलं. थोड्याच दिवसांत तो पुन्हा हिरवा झाला. तेव्हा ईश्वरीही हसली होती. आता ती हसली नाही. लग्नात माणूस काम विसरतो, आणि हळद उतरायच्या आत पुन्हा शिकतो?

नाडकर्णींनी पहिल्याच तासाला फळ्यावर एक वाक्य लिहिलं होतं. ‘एकाच मापावर विसंबतो तो संशोधक नव्हे, भक्त.’ कुठलीही गोष्ट दोन वेगळ्या रीतींनी मोजा आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते बघा, असं ते सांगत. ईश्वरीनं दुसरं माप शोधलं. ते समोरच होतं. हात आत शिरला की पडदा प्रेस थांबवतो, आणि कितीदा थांबवली ते यंत्रच मोजून ठेवतं. माणसाच्या दचकण्याशी त्याला देणंघेणं नाही.

तिनं दोन्ही आकडे शेजारी मांडले. पट्ट्यांनुसार हुकलेले अपघात जवळजवळ संपले होते. पडद्यांनुसार हात पूर्वीइतकेच आत जात होते. कुणीही सावध काम करायला शिकलेलं नव्हतं. पिठाच्या गिरणीच्या माडीवर राहणाऱ्याला जशी गिरणी ऐकू येईनाशी होते, तसं त्या शरीरांनी धोक्याची दखल घेणं सोडून दिलं होतं. रजेवर गेलं की ती जाग परत येई, कामावर आलं की पुन्हा विझे. आणि सगळ्यांत विझलेला माणूस होता फाटकावरच्या फोटोतला. सर्जेरावांची प्रेस पडद्यानं सगळ्यांपेक्षा जास्त वेळा थांबवली होती आणि ते एकदाही दचकले नव्हते.

पडदा काढला, की आत गेलेला हात वाचणार नव्हता. शिवाय हात आत जातो, हे सांगणारा एकुलता एक साक्षीदारही जाणार होता.

सांगलीला नाडकर्णींनी ते आकडे नीट पाहिले. ते वाईट माणूस नव्हते. तरुणपणी एका प्रेसखालून त्यांनी माणूस बाहेर काढला होता, आणि त्या दिवसापासून त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

“निरीक्षण चांगलं आहे,” ते म्हणाले. “शेवटच्या प्रकरणात ‘अभ्यासाच्या मर्यादा’ या मथळ्याखाली घाल.”

“ती मर्यादा माझ्या वडलांच्या मनगटापाशी पडेल, सर.”

“ईश्वरी, भावनेच्या भरात शास्त्र होत नाही.”

“ही भावना नाही. हा तुमचा पहिला तास आहे.”

नाडकर्णींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पट्टा चुकला असं एकदा बाहेर गेलं, की मालक लोक मोजणंच बंद करतील. त्यांना निमित्तच हवंय. मग पुन्हा सगळा अंधार. हे कळतं का तुला?”

“कळतं. पण चुकीचा दिवा लावून माणसाला विहिरीकडे नेण्यापेक्षा अंधार परवडला. अंतिम अहवालावर मी सही करणार नाही.”

“मग पदवी अडकेल.”

“अडकू दे,” ईश्वरी म्हणाली. बाहेर आल्यावर तिला राग आवरेना. जिन्यावर बसून तिनं तो निवू दिला आणि ती घरी निघाली.

घरी प्रकरण जास्त अवघड होतं. सरांशी भांडताना शब्द सापडत होते. आप्पांशी बोलताना एकही धड सापडेना.

“आप्पा, तुमचा हात आत जातोय. पयल्याइतकाच जातोय. तुमाला त्ये कळंना झालंय.”

“मला कळंना?” सर्जेराव हसले. मग लेकीचा चेहरा बघून हसायचे थांबले. “आक्खी वसाहत मला वळकती, ईशे. आणि माझी पोरगी म्हणती, म्या बधिर झालोय.”

“बधिर न्हाई, आप्पा.”

“मग काय?”



उज्ज्वला भाकरी थापता थापता बोलली, “परवा कुकरचं झाकण उडालं. मी मागच्या दारापतूर पळाले. तुमी तितंच हुबं, वाफ तोंडावर घेत. मला वाटलं, देवच पावला, किती धीराचा मानूस.” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “ह्या पोरीचं ऐकून आता भ्या वाटाय लागलंय.”

“मला भ्या वाटत न्हाई, ह्यो बी माझा गुन्हा व्हय?” सर्जेरावांचा आवाज चढला. “आयुष्यात एक गोष्ट माझ्या नावावर लागली, त्ये बी तुमाला बघवंना!”

ताट तसंच ठेवून ते उठले. ईश्वरीला रडू आलं नाही. तिला त्या फोटोचा राग आला, तो लावणाऱ्याचा आला, आणि पहिल्या अहवालावरच्या स्वतःच्या सहीचा तर सगळ्यांत जास्त आला.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी प्रेसची वीज बंद. प्रेस धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून उभ्या असतात. कामगार बायकापोरांना, म्हाताऱ्यांना घेऊन येतात आणि आपण वर्षभर कुठं उभे राहतो ते दाखवतात. यंदा यशोधननं मोठा थाट केला होता. नाडकर्णी प्रमुख पाहुणे होते. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हौस म्हणून एकेक पट्टा बांधला जात होता, आणि मधल्या भिंतीवरच्या भल्यामोठ्या विजेच्या फळ्यावर प्रत्येक पट्ट्याचा एक ठिपका दिसत होता, माणूस दचकला की लगेच लाल होणारा.

“आता एक गंमत!” यशोधन माइकवरून म्हणाला. “सगळ्यांनी आपापल्या माणसाजवळ, त्याच्या प्रेसपाशी उभं राहायचं.”

सर्जेराव नव्या प्रेसपाशी होते. फोटोवाला समोर असल्यानं त्यांनी एक हात ऐटीत डायवर ठेवला होता. शेजारी उज्ज्वला पूजेचं ताट घेऊन उभी होती. ईश्वरी दोघांच्या मागे होती आणि आप्पा तिच्याशी अजून बोलत नव्हते.

क्रेनच्या आकड्याला लटकवलेला जाड पत्रा यशोधननं कुणाला न सांगता सोडायला लावला. उंचावरून तो फरशीवर आदळला. छप्पर हादरलं. पोरांनी किंकाळ्या फोडल्या, एका आजीबाईंनी यशोधनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि भिंतीवरचा फळा लालेलाल झाला. त्या लालीत प्रेसवाल्यांचे ठिपके तेवढे हिरवे राहिले.

“बघा!” यशोधन ओरडला. “ही आमची पोलादी माणसं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रेसवाल्यांच्या माना ताठ झाल्या. ईश्वरी मात्र फळ्याकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती. पूजेचं ताट खाली पडलं होतं, कुंकू सगळीकडे सांडलं होतं, आणि आईनं दोन्ही हातांनी आप्पांचं मनगट गच्च धरलं होतं. डायवरून ते तिनंच ओढून काढलं होतं.

ईश्वरी गर्दीतून वाट काढत पुढं गेली आणि यशोधनच्या हातातला माइक तिनं सरळ काढून घेतला.

“पत्रा पडला तवा तुमचं हात कुठं गेलं, त्ये आठवा,” ती म्हणाली. घाईत तिच्या तोंडी घरचीच बोली आली. “सांगा की. कुठं गेलं?”

लोकांनी आपापल्या हातांकडे पाहिलं. कुणाचे छातीशी होते, कुणाचे पोराच्या डोक्यावर.

“मागं गेलं. दचकणं म्हंजे दुसरं काय न्हाई, हात मागं घेणं. पयला पडदा माणसाच्या अंगातच बसिवलाय. आता ह्या रांगेकडं बघा. ह्यांचं हात जितं हुतं तितंच हायत. माझ्या आप्पांचा हात डायवर हुता. त्येंनी काढला न्हाई. आईनं वडला.”

शेडमध्ये कुणीतरी पोराला गप्प केलं. 

“हिरवा म्हंजे सुरक्षित न्हवं. हिरवा म्हंजे आतला पडदा गेलेला माणूस. आणि उद्या त्येच्याच म्होरला बाहेरचा पडदा काढणार हायत.”

“अहो ताई, अहवाल तुमचाच आहे ना?” यशोधन हसत म्हणाला, पण हसू ओठांवरच राहिलं.

“माझाच हाय. चुकलाय. म्हणून तर माझ्या तोंडानं सांगतीय.”

नाडकर्णी जवळच उभे होते. यशोधननं त्यांच्याकडे पाहिलं, काहीतरी बोला म्हणून. नाडकर्णी फरशीवर सांडलेल्या कुंकवाकडे बघत राहिले. मग कुणीतरी माइक बंद केला. सर्जेरावांनी बायकोच्या मुठीतून मनगट सोडवून घेतलं आणि लेकीकडे न बघता ते निघून गेले.

दसऱ्याच्या सकाळी ईश्वरीला फाटकावर अडवलं. ती तिथंच, बापाच्या फोटोखाली उभी राहिली. मुहूर्तासाठी शेडचं मोठं शटर वर घेतलेलं होतं, त्यामुळे आतली नवी प्रेस दिसत होती. नारळ फुटला. पेढे वाटले. सर्जेराव स्टुलावर बसले. आज प्रेसला वीज होती.

त्यांनी पत्रा उचलून डायवर ठेवला. ईश्वरीनं फाटकाचा गज धरला. आता पायाखालची कळ दाबायची, की धाड. ती त्या आवाजाची वाट बघत होती आणि तो येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून उभी होती.

आवाज आला नाही. सर्जेराव आपल्या हाताकडे बघत होते. हात अजून आतच होता. दुसऱ्याच कुणाचा असावा, तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या हातानं मनगट धरून, काल बायकोनं ओढला होता तसाच, तो बाहेर ओढला.

“पडदा लावा,” ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, फाटकापर्यंत ऐकू आलं.

“आप्पा, मुहूर्त टळतोय,” यशोधन म्हणाला.

“टळू द्या. पडदा लावा, मग बसतो.”

“अहो, तुम्ही हिरवे आहात! तुम्हाला कशाला?”

सर्जेरावांनी मनगटावरचा पट्टा सोडला. दोन वर्षांत तिथली कातडी पांढरी पडली होती. तो हिरवा पट्टा त्यांनी उचलून स्टुलावर ठेवला, स्वतः बसले होते तिथं.

“हिरवा ह्यो हाय,” ते म्हणाले. “ह्यालाच बसवा.”

 मग दिगंबर पुढं आला आणि त्यानं आपला पट्टा सर्जेरावांच्या पट्ट्यावर टाकला. त्याच्या मागून एकेक करत सगळी रांग आली. स्टुलावर हिरवा ढीग झाला. दुपारी सगळी प्रेसची माणसं फाटकाबाहेर होती, आणि नव्या प्रेसला पडदा लागल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही म्हणून तिथंच मांडी घालून बसली. सर्जेराव लेकीजवळ येऊन बसले.  खिशातला पेढा मोडून त्यांनी अर्धा तिच्या हातावर ठेवला.

यशोधननं बाहेरून माणसं आणली. त्यांना पट्टे बांधून आधी जुन्या प्रेसवर बसवलं. नवीन माणसं ती, पहिल्या तासालाच सगळ्यांचे पट्टे लाल झाले. आणि लाल माणसाला पडद्याशिवाय बसवायचं नाही, हा तर यशोधननंच मागून घेतलेला नियम. ते ऐकून फाटकाबाहेर इतकं हसणं झालं, की चहावाल्यानं एक फेरी फुकट पाजली. नवी प्रेस गळ्यात वाळलेली झेंडूची माळ घेऊन तशीच उभी राहिली.

एका सकाळी नाडकर्णी आले. त्यांच्या हातात खोका होता. ते ईश्वरीपुढं सरळ जमिनीवर बसले, इस्त्रीच्या पँटीची पर्वा न करता.

“यात प्रबोधिनीचे पट्टे आहेत,” ते म्हणाले. “तुझं म्हणणं असं, की प्रेसपासून दूर गेलं की जाग परत येते. एका दिगंबरवरून ते सिद्ध होत नाही. इथं अख्खी रांग बसलीय. प्रयोग अर्धा सोडायचा नसतो.”

“आणि पहिला अहवाल, सर?”

“मी परत मागवलाय,” नाडकर्णी म्हणाले आणि स्वतःच एकेकाच्या मनगटावर पट्टा बांधायला लागले. सर्जेरावांनी आधी हात मागे घेतला. मग लेकीकडे बघून पुढे केला.

ते बसून राहिले. पट्टे हिरवेच राहिले. ट्रकचा भोंगा वाजायचा, कुत्री अंगावर यायची, माणसं ढिम्म. रोज संध्याकाळी ईश्वरी पट्टे बघायची आणि रोज तिच्या मनात यायचं, जे विझलं ते परत पेटणार नसेल तर? तिनं हे कुणाला सांगितलं नाही. आप्पांनी विचारलंही नाही, पण ते मनगटाकडे बघायचे, तिला दिसायचं.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला शेजारच्या कारखान्यात फटाक्यांची माळ लागली. उज्ज्वलानं फाटकावरच फराळाचे डबे उघडले होते. सर्जेराव बशीत चहा ओतत होते, एवढ्यात कुंपणापलीकडे मोठा सुतळी बॉम्ब फुटला.

बशी उडाली. चहा दिगंबरच्या सदऱ्यावर गेला. दिगंबर तर आधीच उडी मारून उभा होता, आणि त्याच्या पलीकडचा चकलीच्या डब्यात बसला होता. सर्जेरावांचे दोन्ही हात छातीशी आले होते, मुठी वळलेल्या, डोळे विस्फारलेले.

 मग सर्जेरावांनी मनगट डोळ्यांपाशी नेलं.

“ईशे,” ते हळूच म्हणाले, “लाल झाला गं.”

 ईश्वरीनं मान हलवली. रांगेतली सगळी मनगटं लाल दिसत होती आणि माणसं एकमेकांच्या पाठीत थापा मारत होती.

सर्जेराव उठले. फाटकावरच्या आपल्या फोटोसमोर जाऊन त्यांनी तसंच मनगट छातीशी धरलं, लाल पट्टा बाहेरच्या बाजूला, आणि वर ऑफिसच्या काचेकडे तोंड करून ओरडले,

“ओ धाकटं मालक! फोटोवाल्याला बोलवा! आता काढा म्हणावं!”